जागं करून ने

द्वारकाबाईचा मुलगा सहा वर्षांत अकरा देशांत राहून आला होता, आणि प्रत्येक देशातून त्यानं आईला एकच गोष्ट कळवली होती : इथं मस्त आहे. त्या 'मस्त'चा द्वारकाबाईला आता वीट आला होता. एवढं मस्त आहे, तर मग राहा की बाबा एका जागी! पण नाही. दोन-तीन महिने झाले की व्हिसा संपणार, हे चौघं बॅगा भरणार आणि पुढच्या मस्त जागी निघणार.

मुलगा वैजनाथ कॉम्प्युटरवर काम करायचा, सून उमा वेबसाइटी सजवून द्यायची, आणि दोघांच्याही कामाला म्हणे नुसतं इंटरनेट लागायचं, गाव लागायचं नाही. त्यांनी पुण्यातला फ्लॅट विकला, भांडीकुंडी वाटून टाकली आणि निघाले. थोरली रेवा तेव्हा चार वर्षांची होती, आता दहाची झाली. धाकटी सई तर वाटेतच जन्मली, थायलंडात. शाळेचं नाव काढलं, की वैजनाथ म्हणायचा, "सगळं जगच शाळा आहे, माय." हेच तो मोबाईलसमोरही म्हणायचा, कारण त्यांच्या भटकंतीचे व्हिडिओ दोन लाख लोक बघत. त्या दोन लाखांतल्या एकालाही पोरीला साताचा पाढा विचारावासा वाटला नाही, याचा द्वारकाबाईला राग यायचा.

वर्षातून एकदा हे बिऱ्हाड पंधरा दिवसांसाठी संभाजीनगरला उतरायचं. मुकुंदवाडीत द्वारकाबाईच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत तिचं भाकरीचं काम चाले. चिकलठाण्याच्या कारखान्यांतली पोरं जिथं जेवत, त्या खानावळीला रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या हातच्या भाकरी जात. नवरा पुंजाराम जाऊन सात वर्षं झाली होती. वैजनाथनं शंभरदा म्हणून झालं होतं, की माय, सोड ते पीठ, चल आमच्यासंगं फिरायला. आणि तिनं शंभरदा सांगून झालं होतं, की माझं फिरून झालंय.

यंदा जूनच्या सुरुवातीला ते आले, आणि दुसऱ्याच दिवशी द्वारकाबाईला दिसलं, की रेवानं आपली बॅग रिकामी केली आहे. कपाटातला खालचा खण तिनं पुसून घेतला होता आणि त्यात फ्रॉक, पॅन्ट, टी-शर्ट, स्वेटर अशा चार थप्प्या लावल्या होत्या. बाकी तिघांच्या बॅगा भिंतीला टेकून जशाच्या तशा उभ्या होत्या. कपडे वरच्यावर काढायचे, वापरायचे, धुऊन परत तिथंच कोंबायचे, अशीच त्यांची सवय होती.

"तू कामून गं सगळं काढलं?" द्वारकाबाईनं विचारलं. "चौदा तारखेला जायचंय ना परत?"

"ते जाणार आहेत," रेवा म्हणाली. "मी नाही."

पोरगी हे इतक्या शांतपणे बोलली, की द्वारकाबाईनं हातातली परात खाली ठेवली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रेवाला पोर्तुगालात एक मैत्रीण होती, व्हिएतनामात एक होती, त्याआधी बालीत दोघी होत्या. "आता मी कुणाला नावच विचारत नाही, आजी," ती म्हणाली. "नाव कळलं की जाताना जास्त वाईट वाटतं. नुसतं खेळायचं आणि घरी यायचं."

दहा वर्षांच्या लेकरानं स्वतःला ही अशी शिस्त लावून घेतली होती, आणि तिचा बाप जगाला सांगत होता, की माझ्या मुली कुठंही रमतात. द्वारकाबाईचं डोकं सणकलं. तिनं त्याच दिवशी भाकरी लवकर उरकल्या, लुगडं बदललं आणि रेवाचा हात धरून गल्लीच्या टोकाला असलेली शाळा गाठली.

मुख्याध्यापिका बाई समंजस होत्या. त्यांनी रेवाच्या हातात मराठीचं पुस्तक दिलं. रेवा ओळीखालून बोट फिरवत, अडखळत, कानापर्यंत लाल होत वाचू लागली. अर्धं पान व्हायला पाव तास लागला. जगातले ज्वालामुखी तिला नावांनिशी येत होते, इंग्रजी तर पोपटासारखं येत होतं, पण सात आठे किती म्हटल्यावर ती आजीकडं बघू लागली. बाई म्हणाल्या, "वयाप्रमाणं पाचवीत घेता येईल. मागचं आम्ही भरून काढू. फक्त या अर्जावर आईची किंवा वडिलांची सही आणा."

अर्ज घेऊन द्वारकाबाई घरी आली आणि तो तिनं पिठाच्या डब्याखाली ठेवला. सही कशी मागायची ते तिला कळेना. वैजनाथला समोरासमोर काही सांगायचं म्हटलं, की तिची जीभ जड व्हायची, आणि असं का होतं, हे ती स्वतःलाही विचारत नसे.

सहाव्या दिवशी वैजनाथनं माळ्यावरून कोयता काढला. ऊस तोडायचा जुना कोयता, मुठीला पुंजारामनं गुंडाळलेल्या चिंधीसकट. त्यानं तो फडक्यानं पुसला, मोबाईल तीन पायांच्या स्टँडवर लावला आणि भाकरी थापणाऱ्या आईसमोर येऊन बसला.

"माय, पाच मिनिटं दे फक्त. हा हातात धर आणि बोल. देवगावातून तुम्ही दरसाल निघायचे, पार कोल्हापूरकडं जायचे, कोपीत राहायचे, सगळं सांग. लोकांना कळू दे, की फिरणं आपल्या घरात पहिल्यापासून आहे. रक्तातच आहे."

द्वारकाबाईचा हात थांबला. "काय हाये रक्तात?"

"फिरणं. तू फिरली म्हणून मी फिरतोय. मस्त गोष्ट आहे ही, माय."

तळपायाची आग मस्तकाला गेली, असं लोक सहज म्हणतात. द्वारकाबाईची ती खरंच गेली. देवगाव रंगारीतली दोन एकर कोरडवाहू जमीन दिवाळीपर्यंतचे दाणे द्यायची. पुढं गावात काम नसायचं. मग मुकादमाचा ट्रक यायचा आणि निम्मं गाव त्यात चढायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी माणसांची मोजणी. सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायचं, जिला दार नाही. पहाटे गारठ्यात फडात उतरायचं, पाचटानं गाल-हात चिरून घ्यायचे, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. पोटुशी बाई असली तरी चढायचं. आणि हे पोरगं त्याला मस्त म्हणतंय!

"पोटाला नव्हतं म्हणून गेलो रे आम्ही!" ती ओरडली. "हौशीनं नाय गेलो! हा तुह्या व्हिडिओत धरायला कोयता हाये व्हय? ह्याच्यापायी तुह्या बापाची बोटं वाकडी झाली. माह्या लेकराच्या हातात हा येऊ नये, त्यानं शाळा शिकावी, म्हणून तुला घरी ठिवून गेले मी. आन् तू तुह्या लेकरायला बिनशाळेचं दुनियाभर वढीत फिरतो? वरून मलाच म्हनतो, सांग सगळ्यायला, मस्त व्हतं?"

वैजनाथ हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. द्वारकाबाईनं पिठाच्या हातानंच डब्याखालचा अर्ज ओढला आणि त्याच्या अंगावर फेकला. "हा घे. सही कर. रेवाला पाचवीत घेत्यात."

त्यानं अर्ज वाचला. त्याचा चेहरा उतरला आणि मग ताठरला. "माझ्या पोरीला माझ्या पाठीमागं शाळेत घालून आली तू?"

"तिलाच ऱ्हायचं हाये."

"दहा वर्षांची आहे ती! तिला काय कळतं?"

"तू सहा वर्सांचा व्हता, तवा..."

"हो, होतो ना सहा वर्षांचा!" वैजनाथनं मोबाईल स्टँडसकट आडवा केला. आतल्या खोलीतून उमा धावत आली. "मला कुणी विचारलं होतं तेव्हा? विचारलं होतं का, माय? काहीही बोल मला, शाळा नाही म्हण, पाढे येत नाहीत म्हण. पण निदान मी माझ्या पोरी झोपेत सोडून गेलो नाही!"

तव्यावरची भाकरी करपत होती. ती कुणी उलटली नाही.

देवगावात तशी रीतच होती. ज्यांची लेकरं म्हाताऱ्यांपाशी राहायची, त्या बाया लेकरं झोपेत असतानाच ट्रकवर चढत. जागं लेकरू पाय सोडत नाही, आणि रडणाऱ्या लेकराला सोडून जाववत नाही. म्हणून नेसूचं जुनं लुगडं त्याच्या मुठीत द्यायचं, म्हणजे आईच्या वासावर ते उजाडेपर्यंत पडून राहतं. द्वारकाबाईनंही तेच केलं होतं. दुसऱ्या वर्षी वैजनाथनं झोपताना आपल्या सदऱ्याची आणि तिच्या पदराची गाठ मारली. तिनं ती सोडवली आणि गेली. सासू वच्छलाबाई दरसाल ती परतल्यावर एकच सांगायची, की पोरगं रडलं नाही, उठलं आणि खेळायला गेलं. त्या एका वाक्यावर द्वारकाबाईनं आठ हंगाम काढले होते.

"तुही आजी म्हनायची, तू रडत नव्हता," ती कशीबशी म्हणाली.

"खरंच नव्हतो रडत." वैजनाथचा आवाज आता खाली आला होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "मी लुगडं घेऊन वेशीपर्यंत पळत गेलो. ट्रक निघून गेला होता. तिथं दिवस मावळेपर्यंत बसून राहिलो. मला वाटलं, तू लुगडं विसरली. ते न्यायला तरी येशील."

तो उठला आणि बाहेर निघून गेला. द्वारकाबाई चुलीपाशीच बसून राहिली. तिला सगळ्यांचाच संताप आला. खोटं बोलून गेलेल्या सासूचा आला, तीस वर्षं हे पोटात ठेवून आज तोंडावर फेकणाऱ्या पोराचा आला, आणि स्वतःचा तर असा आला, की तिनं करपलेली भाकरी हातानंच तव्यावरून ओढली आणि बोटं भाजून घेतली. आपण लेकराचं भलं केलं, या एका गोष्टीवर तिची मान आजवर ताठ होती. आणि आता कळत होतं, की त्या भल्यानंच हा असा झाला होता. पोरींना शेपटासारखं मागं बांधून फिरणारा, एका दिवसासाठीही त्यांना नजरेआड न करणारा.

पुढचे दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. उमानं अर्ज उचलून परत डब्याखाली ठेवला होता. सही झाली नव्हती. पुढचा मुक्काम जॉर्जियाला होता.

चौदा तारखेला सकाळी रेवानं बापाला सांगितलं, "बाबा, मी येणार नाही." त्यानं तिला बर्फाचे डोंगर दाखवतो म्हटलं. ती म्हणाली, मी येणार नाही. त्यानं कुत्रा पाळू म्हटलं. ती पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा तो तिच्यावर ओरडला, आणि मग ती जी रडायला लागली, ती जेवणाची ताटं वाढून झाली तरी थांबली नाही. शेवटी दुपारी दोनच्या सुमारास आजीच्या अंथरुणावर, हुंदके देत देत, तिचा डोळा लागला.

अडीचला मुंबईची गाडी दारात आली. वैजनाथनं कपाटातला खण उघडला आणि रेवाच्या चारही थप्प्या काढून बॅगेत भरल्या. त्यानं चेन ओढली तेव्हा उमानं मान फिरवली. सईला गाडीत बसवून झालं होतं. मग वैजनाथ आत आला, चपला काढल्या, वाकला आणि रेवाला अलगद उचलून खांद्यावर घेतलं.

"झोपू दे तिला," तो हळू आवाजात म्हणाला. "शिर्डी मागं पडेपर्यंत उठणार नाही. उठली की समजावू गाडीत."

द्वारकाबाई संध्याकाळच्या भाकरीचं पीठ मळायचं सोडून उंबऱ्यात उभी होती. आठ दिवस तिनं तोंडाला कुलूप लावलं होतं. आपल्याला बोलायचा हक्क उरला नाही, असंच तिला वाटत होतं. पण पोरगी निजलेली, तिचा हात बापाच्या पाठीवर लोंबत होता, आणि दारात गाडी चालू होती. हे तिनं पूर्वी पाहिलं होतं. हे तिनं स्वतः केलं होतं.

तिनं दोन्ही हात चौकटीला लावले. "खाली ठेव तिला."

"माय, उशीर होतोय."

"होऊ दे. जागं कर तिला, मंग ने."

"रडेल ती. कशाला उगीच..."

"रडू दे! तुह्या तोंडावर रडू दे!" द्वारकाबाईचा आवाज गल्लीभर गेला. शेजारची भागूबाई दारात आली. "मीबी असंच म्हनले व्हते, कशाला उगीच रडवायचं. आठ वर्सं म्हनले. चुकलं माहं. तुला जागं करायला पायजे व्हतं. तू पाय धरले असते, बोचकारलं असतं, तरी तुला सांगून जायला पायजे व्हतं. म्या नाय केलं, मला धीर नव्हता. पन तू तर ह्यातनं गेलेला हाये ना रं! तुला ठावं हाये उठल्यावर काय व्हतं. मला शिव्या देतो, आन् तेच करतो?"

"मी तिला सोडून जात नाहीये, घेऊन जातोय!"

"झोपेत सोडलं काय आन् झोपेत उचललं काय! लेकराला इचारलं का कुनी?"

तिनं हात चौकटीवरून काढले आणि रेवाचा दंड धरून हलवला. "रेवा! ऊठ गं माय. डोळे उघड. जायचं आसंल तर बघून जा, ऱ्हायचं आसंल तर बघून ऱ्हाय. ऊठ!"

रेवा दचकून जागी झाली. तिनं बापाच्या खांद्यावरून आधी गाडी पाहिली, मग भिंतीशी उभी असलेली आपली भरलेली बॅग पाहिली. ती रडली नाही. मान मागं घेऊन तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं.

"बाबा, तुम्ही मला झोपेत नेणार होता?"

वैजनाथनं तिला खाली उतरवलं आणि तिथंच पायरीवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून. द्वारकाबाईला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि एक थोबाडीत द्यावीशीही वाटली. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही.

उमा त्याच्याजवळ आली. "ती मला सहा महिन्यांपासून सांगतेय," ती म्हणाली. "मीच तुला सांगितलं नाही. तू मोडून पडशील म्हणून."

"तिला इथं ठेवून तू राहशील?"

"नाही राहवणार मला," उमा म्हणाली आणि रडू लागली. "पण तिलाही तिथं राहवत नाही ना."

गाडीवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. द्वारकाबाई त्याच्यावर अशी खेकसली, की त्यानं इंजिनच बंद केलं. मग ती आत गेली, डब्याखालचा अर्ज आणला आणि पोराच्या मांडीवर ठेवला. या खेपेला फेकला नाही. वैजनाथनं कागद उचलला. पिठाची बोटं त्यावर तशीच उमटलेली होती. मग तो उठला, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं सही केली, आणि रेवाची बॅग स्वतःच परत आत नेऊन ठेवली.

"दिवाळीला येतो," तो म्हणाला. "त्याआधीपण येतो. म्हणजे बघतो मी, काही ठरवू, कदाचित आम्हीच..."

"बोलू नको," द्वारकाबाई म्हणाली. "ये."

गाडी निघाली. रेवा हात हलवत होती. गाडीनं गल्लीचं पहिलं वळण घेतलं, आणि जिनं सकाळपासून मी येणार नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, तीच पोरगी एकाएकी "बाबा!" म्हणून किंचाळली आणि अनवाणी पळत सुटली.

द्वारकाबाईही तिच्यामागं पळाली. साठीच्या पुढची बाई, पदर सुटलेला, भाजलेली बोटं पिठानं माखलेली, डांबर तापलेलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाशी रेवा थांबली. तिथून पुढं मोठा रस्ता लागत होता. द्वारकाबाई धापा टाकत पोचली आणि तिनं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. डोळे विस्फारलेले, ओठ उघडे, आवाज नाही. आपण गेल्यावर मागं राहिलेल्या लेकराचं तोंड कसं दिसतं, ते तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आठ वर्षं ते पाहायला लागू नये म्हणूनच ती अंधारात ट्रकवर चढली होती.

रस्त्यावर पुढं गाडी थांबली. वैजनाथ उतरला. तो परत आला नाही, पण आत जाऊन बसलाही नाही. रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली त्याला शिव्या घालत बाजूनं जात होत्या आणि तो उन्हात तसाच उभा राहिला, पोरीला दिसेल असा. रेवा बघत होती, तेवढा वेळ तो उभा होता. शेवटी तिनंच हात वर केला आणि जा म्हणून खूण केली. तेव्हा तो गाडीत बसला.

गाडी दिसेनाशी झाली तरी रेवा तिथून हलली नाही.

"बसायचं का इथंच थोडं?" द्वारकाबाईनं विचारलं.

रेवानं मान डोलावली. दोघी दुकानाच्या पायरीवर बसल्या. खानावळीचा माणूस भाकरी न्यायला यायची वेळ झाली, टळून गेली, तरी पोरगी आपण होऊन उठेपर्यंत द्वारकाबाई जागची हलली नाही.